हातचा प्याला

३१ डिसेंबर १८१७च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. पाचशेच्या आसपास पायदळ, त्यात महार शिपाई मोठ्या संख्येने, थोडं घोडदळ, दोन तोफा आणि मद्रास तोफखान्याचे मूठभर गोरे गोलंदाज. रात्रभर चालून सकाळी ते भीमेच्या काठाला पोचले तेव्हा पेशव्यांची फौज समोर होती. दिवसभर कोरेगावच्या गल्ल्यांत जे झालं त्याचा अर्थ लावण्यात दोनशे वर्षं गेली आणि अजून तो वाद मिटलेला नाही. त्या वादात मी शिरत नाही. मला त्या दिवसातली एकच गोष्ट इथे हवी आहे. रात्रभर चाललेल्या त्या माणसांच्या पोटात दिवसभर काही गेलं नाही आणि नदी समोर असून अंधार पडेपर्यंत पाण्याचा घोट मिळाला नाही. लढाईच्या बहुतेक सगळ्या इंग्रजी वृत्तांतांत तोफांइतकाच हा तहानेचा उल्लेख येतो.

१ जानेवारी १९२७ला डॉ. आंबेडकर इथे, त्या लढाईच्या विजयस्तंभापाशी आले. स्तंभ नदीपलीकडे, पेरण्याच्या हद्दीत. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मधे तीन महिनेसुद्धा नाहीत. आधी शौर्याची आठवण आणि मग पाणी, हा क्रम योगायोगाचा असेल असं मला वाटत नाही. कुणी कुणाच्या हातचं प्यायचं आणि कुणाच्या शेजारी बसून खायचं, हा या मुलखातला जुना प्रश्न आहे. लेखाचा विषय ख्रिस्ती देवळातल्या मेजावरची भाकर आणि द्राक्षारस हा असला, तरी शिरूर-दौंडच्या बाजूने त्या मेजापर्यंत जायचं तर या प्रश्नावरूनच जावं लागतं.

शिरूरला ख्रिस्ती माणूस प्रथम आला तो लष्करातून. तिथल्या जुन्या गोऱ्या कबरस्तानात कर्नल विल्यम वॉलेसची कबर आहे. असईच्या लढाईत तो वेलस्लीबरोबर होता आणि १८०९ साली शिरूरला वारला. १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये या कबरीविषयी जी नोंद आहे ती वाचून गंमत वाटते. गावातले लोक या साहेबाला सत्पुरुष म्हणत. ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर बाकीचे सगळे त्याला भजत, आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर आणत. इंग्रज अधिकाऱ्याला नवं पीक दाखवण्यात कुणाला काही विपरीत वाटलं नाही. देवाला, पिराला, सत्पुरुषाला अन्न द्यायचं आणि उरलेलं प्रसाद म्हणून घ्यायचं, ही भाषा गावाला उपजत येत होती. त्यामुळे पुढे मिशनरी आले आणि म्हणाले की आमच्या देवाच्या नावाने एक भाकर मोडून वाटून घ्या, तेव्हा अन्नातून देव भेटतो ही कल्पना इथे कुणाला नवी नव्हती. अडचण वेगळीच होती. प्रसाद हातावर लांबून टाकता येतो. एकच प्याला तोंडोतोंडी फिरवायचा म्हणजे लांबून काही करता येत नाही.

त्यातही पाव ही वस्तू महाराष्ट्रात देवळाच्या मेजावर येण्याआधीच बदनाम झालेली होती. वसईपासून गोव्यापर्यंत किनाऱ्याला एक आख्यायिका आजही सांगितली जाते: पोर्तुगीज पाद्र्यांनी रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी लोक ते पाणी प्यायले आणि गावच्या गाव बाटलं. असं खरोखर किती ठिकाणी घडलं हा इतिहासकारांचा विषय. पण आख्यायिकेमागचा तर्क पाहा. पाणी पिणाऱ्याने कुठली शपथ घेतली नाही, कुठला देव सोडला नाही. पाण्याला परक्याच्या हातचं अन्न लागलं एवढं त्याची जात जायला पुरलं. आणि जातीने बाहेर टाकल्यावर त्याला घ्यायला दार एकच उघडं होतं. म्हणजे धर्मांतराचं काम पाद्र्याने अर्धंच केलं, उरलेलं अर्धं गावकीने केलं.

हाच पाव काही जणांनी जाणूनबुजून खाल्ला. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग हे तिचे प्रमुख प्रवर्तक आणि राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. सभा गुप्त होती. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती भटारखान्यातला पाव सगळ्यांसमोर खाऊन दाखवावा लागे. तो एक घास म्हणजे दीक्षा. सुधारकांची ती हिंमत दाराआडची होती हे खरंच. १८६०च्या सुमाराला सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटण्याची वेळ आली आणि सभा पांगली. या सभेत बेळगावचे बाबा पदमनजी नावाचे तरुण होते. १८५४ साली त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला आणि १८५७मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. बाबांच्या आयुष्यात पाव दोनदा आला, एकदा बंद दाराआड जात मोडायला आणि मग देवळाच्या मेजावर. त्या दोन घासांत फार अंतर होतं असं मला वाटत नाही.

पुण्याची कथा तर सर्वांना तोंडपाठ आहे. १४ ऑक्टोबर १८९०, पंचहौद मिशन. व्याख्यानानंतर पाहुण्यांसमोर चहा आणि बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी कप नुसता हातात धरला. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोश्यांनी ही नावं वर्तमानपत्रात दिली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतलं होतं, रानड्यांनी १८९२मध्ये घेतलं. या प्रकरणात आपण नेहमी चहाबद्दल बोलतो. ज्या आवारात तो चहा झाला त्याच आवारातल्या पवित्र नाम देवालयात दर रविवारी तोच प्रश्न भाकर आणि प्याल्याच्या रूपात मांडलेला असे, आणि तिथे प्रायश्चित्ताची सोय नव्हती, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. गुरुजनांना एक कप चहा एवढा भारी पडला. मग ज्यांनी तो प्याला खरोखर ओठाला लावला, त्यांनी काय काय सोडलं असेल?

आता विधी काय आहे ते सांगितलं पाहिजे, कारण दिवाळी अंकाच्या बहुतेक वाचकांनी तो सिनेमातच पाहिलेला असतो. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर जेवण घेतलं. भाकर घेऊन आभार मानले, मोडली आणि हे माझं शरीर आहे असं सांगून दिली. मग प्याला, तो आपलं रक्त म्हणून. आणि माझ्या आठवणीसाठी असं करत राहा, अशी आज्ञा. कॅथलिक ख्रिस्तसभेची श्रद्धा अशी की मिस्सामध्ये धर्मगुरूच्या प्रार्थनेनंतर ती भाकर आणि तो द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. रूप, रंग, चव तेवढी जुनी राहते. म्हणूनच मराठी कॅथलिक त्याला ख्रिस्तप्रसाद म्हणतात. प्रॉटेस्टंटांत यावरून फाटाफूट झाली. १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. ‘आहे’ म्हणजे खरंच आहे असा ल्यूथरचा आग्रह, आणि त्याने ते वाक्य खडूने मेजावर लिहून ठेवलं. झ्विंग्लीचं म्हणणं, ही खूण आहे, आठवण आहे. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर त्यांचं जमलं, या एकावर नाही. शिरूर-नगरकडे जे अमेरिकन मिशनरी आले ते साधारण झ्विंग्लीच्या बाजूचे.

युरोपने या ‘आहे’वर रक्त सांडलं. पण या विधीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कुठे सापडतो ते बघितलं की मराठी वाचकाला ओळखीचं काही दिसेल. चारही शुभवर्तमानं लिहिली जाण्याआधी, इसवी सन पन्नासनंतरच्या चार-पाच वर्षांत, पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. तिथे प्रभुभोजनाला सधन लोक आधी येऊन आपलं आणलेलं खाऊन घेत, काही तर पिऊन झिंगत, आणि कामावरून उशिरा सुटणारे गरीब उपाशी राहत. पौल चिडला. येशूच्या त्या शेवटच्या रात्रीची हकीकत त्याने सांगितली ती या खरडपट्टीच्या मधोमध. म्हणजे जगात प्रभुभोजनाची पहिली नोंद झाली ती पंक्तिभेदाच्या भांडणातून! दुसऱ्या एका पत्रात तो पेत्रालाही सोडत नाही. यहूदी मंडळी आल्याबरोबर पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठून बाजूला झाला होता. पंचहौदाच्या चहानंतर पुण्यात जे झालं, त्याहून हे फार वेगळं नाही.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१च्या अखेरीस अहमदनगरला ठाणं केलं आणि १८४१च्या सुमाराला शिरूरला. नगरची पहिली मंडळी १८३३ची. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत गरीबखान्यात आसऱ्याला आलेले पांगळे, आंधळे लोक होते, आणि त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचा एक ब्राह्मण होता. तो लवकर वारला. हॉलिस रीड या मिशनऱ्याने त्याचं चरित्र १८३६ साली न्यूयॉर्कला छापलं. पुढे १८३९मध्ये हरिपंत खिस्ती आले, मग रामकृष्णपंत मोडक. हे दोघे १८५४मध्ये पाळक झाले. पण गावोगाव जे मंडळीत आले ते मुख्यतः महार आणि मांग. नगर, शिरूर, पारनेर, राहुरी या पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या म्हणजे बहुतांशी या दोन समाजांच्या वस्त्या. आता खिस्ती आणि मोडक हे ब्राह्मण पाळक भाकर मोडतायत, प्याला देतायत, आणि तो महारवाड्यातल्या पहिल्या माणसाकडून दुसऱ्याकडे, मांगवाड्यातल्या तिसऱ्याकडे जाऊन परत त्यांच्या हातात येतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्यात उरलेला घोट कुणी घ्यायचा? मारबुर्गच्या वादापेक्षा हा घोट मला जास्त अवघड वाटतो. महार आणि मांग यांच्यातही रोटीव्यवहार नव्हता, हे ब्राह्मण-महार जोडीच्या नादात आपण विसरतो. मंडळीत येणाऱ्या महाराला ब्राह्मणाशेजारी बसण्यात मिळवण्यासारखं होतं. मांगाच्या ओठाचा प्याला घेण्यात त्याला आपल्या लेखी काही गमवावंही लागत होतं.

हे सगळीकडे असंच झालं असं नाही. तंजावरच्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांत वरच्या जातींतले आणि परैयर वेगवेगळे बसत आणि प्रभुभोजनालाही आपापला क्रम सांभाळत. १८३३ साली कलकत्त्याच्या बिशप डॅनियल विल्सनने फर्मान काढलं की जात पूर्णपणे सोडली पाहिजे, ताबडतोब सोडली पाहिजे. तंजावरला शेकडो लोकांनी त्यावर देऊळच सोडलं. गोव्यात बामण, चार्दो, सुदीर हे भेद बाप्तिस्म्यानंतर चारशे वर्षं टिकले. तिथे एक गोष्ट त्यांच्या सोयीची होती. कॅथलिक देवळात सामान्य भाविकांना शतकानुशतकं फक्त भाकर दिली जाई, प्याला धर्मगुरूच घेई. तो भाविकांना पुन्हा मिळायची वाट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३च्या निर्णयानंतर मोकळी झाली. तोपर्यंत उष्ट्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. अमेरिकन मराठी मिशनने मात्र सुरुवातीपासून प्याला सर्वांना दिला आणि जात सोडणं ही मेजावर येण्याची अट ठेवली. या मिशनबद्दल टीका करण्यासारखं पुष्कळ आहे. हा एक मुद्दा मात्र त्यांच्या बाजूने मांडलाच पाहिजे.

टीकेचाही एक मुद्दा लगेच सांगतो. दारू प्यायला, दुसरं लग्न केलं, गावदेवीच्या कार्यात गेला, अशा कारणांवरून सभासदाला काही काळ प्रभुभोजनातून बाजूला ठेवणं ही मंडळीची शिस्त होती. त्याने बाकावर बसायचं, ताट समोरून जाऊ द्यायचं. सगळ्यांना दिसेल असं. जातपंचायतीने वाळीत टाकण्याची सवय असलेल्या माणसाला यात नवं काय वाटलं असेल? एका पंक्तीतून सुटून तो दुसऱ्या पंक्तीच्या धाकात आला.

आतून हा बदल कसा घडतो याचं मराठीतलं सर्वांत प्रामाणिक वर्णन लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे नगरकडे त्यांच्यापाशी आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कडक. त्यांना ख्रिस्ताबद्दल तक्रार नव्हती, विटाळाची भीती होती. मग एका टप्प्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की जात माणसाने केलेली आहे, आणि त्यांनी सोवळं टाकलं. १९००चा बाप्तिस्मा नंतरचा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुसऱ्याच्या हातचं पाणी, मग धर्म. टिळकांनी शेवटी, १९१७मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. कीर्तन आणि अभंग घेऊन ख्रिस्ताकडे निघालेल्या या माणसाला काल्याच्या हंडीची आठवण नक्कीच असणार. एकाच हंडीतला घास सगळ्यांच्या हातावर, हे वारकऱ्यांना कुणी बाहेरून येऊन शिकवलं नव्हतं. पण काला झाला की लोक घरी जात आणि आपापल्या चुलीवर आपापल्या जातीत जेवत, हेही टिळकांना ठाऊक होतं.

दुष्काळाने या सगळ्याला आणखी एक अर्थ आणला, आणि तो कडू आहे. १८७६ ते ७८, मग १८९६-९७, मग लगेच विक्रम संवतातल्या छप्पन सालचा. पोटासाठी बाटले, भाकरीसाठी येशूचे झाले, हे टोमणे तेव्हापासून या लोकांच्या मागे आहेत आणि आजही ऐकू येतात. टोमणा मारणारा गृहीत धरतो की पोटाची भाकर हलकी आणि देवाची भाकर वरची. उपाशी माणसाला असा फरक करता येत नाही, आणि येशूलाही तो मान्य असावा असं शुभवर्तमानांवरून दिसत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तो आधी हजारोंना जेवू घालतो आणि मग भाकरीबद्दल बोलतो.

दौंड तालुक्यातल्या केडगावला हा फरक खरोखर पुसला गेला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा, इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, आणि ज्या भगिनीसंघाकडे त्या होत्या त्याच संघाच्या भगिनी पुण्यात पंचहौदलाही होत्या. पण रमाबाई त्यांच्या ताटात पूर्णपणे कधी बसल्या नाहीत. त्या शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा त्यांना चालत नसे. हा जातीचा अभिमान अजून गेला नाही, असं सिस्टर जेराल्डिन यांना वाटे. रमाबाईंचं उत्तर साधारण असं होतं की पूर्वजांच्या चाली जमतील तितक्या मी पाळीन, त्यात ख्रिस्ताला अडचण नाही. मेजावरची भाकर त्यांनी घेतली, मेजामागचं स्वयंपाकघर घ्यायला नकार दिला. दोन्ही बाजूंनी बोलणी खायची ही जागा होती.

शारदा सदन त्यांनी ११ मार्च १८८९ला मुंबईत काढलं, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. तिथे ब्राह्मण विधवांसाठी सोवळ्याची सगळी व्यवस्था ठेवलेली होती. तरीही १८९३मध्ये धर्मांतराच्या संशयावरून गहजब झाला आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मग दुष्काळ आला. मध्य प्रांतातून रमाबाईंनी मुली आणल्या, प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या माळावर, मुक्ती सदनात. १९००च्या आसपास तिथे सुमारे दोन हजार बायका-मुली होत्या. एवढ्या जणींची दळणं, पाणी, जळण. विहिरी खणाव्या लागल्या. इतक्या पोटांसमोर जातवार चुली मांडणं शक्यच नव्हतं, आणि रमाबाईंना ते नकोही होतं. १९०५च्या जूनमध्ये तिथे जो आत्मिक जागृतीचा उमाळा आला, मुली रात्र रात्र प्रार्थना करू लागल्या, त्याच्यावर जगभर लिहिलं गेलं. त्या सामुदायिक कोठाराबद्दल कुणी तितकं लिहिलं नाही. मला विचाराल तर केडगावचं प्रभुभोजन तिथल्या देवळात महिन्यातून कधी होत असेल ते असो. रोजचं होत होतं ते त्या कोठाराशी.

भाकरीच्या धान्याचा एक पेच आहे. शिरूर-दौंडच्या कोरडवाहू घरात भाकरी बाजरीची किंवा ज्वारीची, गहू सणाचा. पण कॅथलिक धर्मनियमाप्रमाणे मिस्साची भाकर केवळ गव्हाची आणि बेखमीर असली पाहिजे. २०१७ साली रोमने बिशपांना पत्र पाठवून हे पुन्हा बजावलं. बाजरीची भाकरी कितीही भक्तीने भाजली तरी चालणार नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या नेमका उलट हट्ट धरतात: भाकर फुगलेलीच हवी. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल वेगळे झाले त्यात हा यीस्टचाही वाद होता. कोलकात्यात केशवचंद्र सेनांनी १८८१मध्ये सगळं बाजूला सारून भात आणि पाण्याने हा विधी केला. त्यांचं ते धाडस त्यांच्या मंडळाबाहेर फारसं गेलं नाही. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी वाद न घालता सोय पाहिली. बेकरीतला पाव किंवा स्लाइस ब्रेड, कडा काढून केलेले लहान चौकोनी तुकडे, वर पांढरं कापड. ज्या पावाने एकेकाळी गावं बाटत, तो आता वडापावच्या गाडीवर सगळ्या जातींना एकाच हातातून मिळतो.

द्राक्षारसाचं प्रकरण अधिक नाजूक. अमेरिकन मिशनरी कडक दारूबंदीवाले. १८६९ साली न्यू जर्सीतल्या थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून तो आंबू न देता बाटलीत टिकवला, तो मुळात प्रभुभोजनासाठीच. पुढे त्याचा मोठा धंदा झाला. अँग्लिकनांना हे पटलं नाही. १८८८च्या लँबेथ परिषदेने ठराव केला की प्याल्यात खरी वाइनच हवी. आपल्याकडे यावर घरगुती तोड निघाली: काळे मनुके रात्रभर भिजवायचे, उकळायचे, कुस्करून गाळायचे. आदल्या दिवशी पाळकांच्या घरात किंवा मंडळीतल्या एखाद्या आजींकडे हे काम असतं. मिस्साला मात्र खरी वाइनच लागते. म्हणून १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात धर्मविधीच्या वाइनसाठी वेगळी तरतूद करावी लागली, आणि सरकारी भाषेत ख्रिस्ताच्या रक्ताची गणना मद्यात झाली. आज दौंड तालुक्यातच, पाटस-बारामती रस्त्यावर, ‘फोर सीझन्स’ची वायनरी आहे. गावाचं नाव रोटी. तुकोबांची पालखी ज्या रोटी घाटातून जाते तेच. लेखकाने रचली असती तर संपादकाने कापली असती अशी ही जोडी आहे.

प्याला एक की अनेक, हाही प्रश्न आहेच. १८९०च्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या जंतूंची धास्ती पसरली आणि बोटभर काचेचे सुटे प्याले आले. मिशनमार्फत ते भारतातही आले आणि मराठी मंडळ्यांत रुजले. आज भोकाभोकांच्या गोल ताटातून ते फिरतात, सगळे थांबतात आणि एकदम पितात. स्वच्छतेचं कारण खरंच आहे. २०२०च्या करोनानंतर तर कुणी वादही घालणार नाही. पण त्या काळी अमेरिकन मध्यमवर्गाला जंतूंचा धाक किती होता आणि बाकावर शेजारी येऊन बसू लागलेल्या स्थलांतरित मजुराच्या ओठांचा किती, ही शंका तिथल्याच अभ्यासकांनी काढलेली आहे. इथेही ती काढता येते. ज्या पिढीने एकाच प्याल्याला ओठ लावले तिची कसोटी सुट्या प्याल्यांनी पुढच्या पिढीपुरती हलकी केली. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपूरला उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. तीत अँग्लिकन आणि नगरकडच्या मराठी मिशनच्या परंपरेतले लोक एकत्र आले, आणि एकाच धर्मप्रांतात कुठे एकच चषक तर कुठे सुटे प्याले असं चालू राहिलं. यावर भांडण झालेलं नाही, हे चांगलं की उदासीन, मला ठरवता येत नाही.

मेजावर जात गेली, मग घरातून गेली का? आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर जे लिहून ठेवलं, ते या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही. धर्म बदलला तरी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची सामाजिक स्थिती तीच राहिली आणि ख्रिस्ती मंडळींनी तिच्याकडे पुरेसं पाहिलं नाही, असा त्यांचा रोख. मराठी ख्रिस्ती घरात आजही स्थळ पाहताना ‘ते पूर्वीचे कोण’ हे विचारलं जातं. रोटी सुटली, बेटी अडली. ज्या पंक्तीत एक भाकर मोडली जाते त्याच पंक्तीतल्या दोन घरांत सोयरिक जमत नाही, हे मंडळीतले जुने लोकही नाकारत नाहीत.

आणि देशाच्या कायद्याने तर मेजाच्या एका अंगाला उभी रेघ मारून ठेवलेली आहे. १९५०च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंनाच होता. १९५६मध्ये शीख आले, १९९०मध्ये बौद्ध. ख्रिस्ती झालेला महार किंवा मांग त्यात बसत नाही. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात धरतात. भीमेच्या काठावर एकाच आजोबांच्या दोन नातवांच्या शाळेच्या दाखल्यांत यामुळे फरक पडतो: दरवर्षी १ जानेवारीला स्तंभापुढे जाणाऱ्या घराला एक प्रमाणपत्र मिळतं, रविवारी देवळात जाणाऱ्या घराला दुसरं. तलाठ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाची जात गेली की नाही हे प्रभुभोजनाने ठरत नाही, अर्जाच्या रकान्याने ठरतं. काही घरांनी यावर मार्ग काढला आहे. कागदावर आजोबांचा धर्म, रविवारी येशूचा. पाळकांना हे माहीत असतं. ताट समोर आलं की ते कुणाचा दाखला पाहत नाहीत, आणि त्यांनी पाहावा असं मलाही वाटत नाही. हा दर्जा धर्मांतरितांना द्यावा का, हे तपासण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दोन वर्षांत अहवाल द्यायचा होता. नंतर मुदत वाढवून देण्यात आली.